मानेजवळचे काळे केस

"डोकं जरा पुढे वाकवा आणि धरून ठेवा. हलायला नको," मृणालताई म्हणाल्या.

मी एक हात काकूंच्या कपाळाला लावला, दुसरा हनुवटीखाली घेतला आणि त्यांचं डोकं अलगद पुढे घेतलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन काकू नुकत्याच घरी आल्या होत्या. पाठीला उशा लावून त्यांना पलंगावर बसवलं होतं. मृणालताई, म्हणजे काकूंची एकुलती एक मुलगी, मागे कात्री घेऊन उभ्या होत्या. हैदराबादला कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत त्या शास्त्रज्ञ होत्या. आई पडल्याचं कळताच मिळेल त्या विमानाने आल्या होत्या आणि आल्यापासून त्यांनी पाठ टेकली होती की नाही कोण जाणे.

"सगळे पांढरेच आहेत," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "पांढऱ्या केसांत नीट उमटत नाही."

"मानेजवळ बघा," मी म्हटलं. "तिथे अजून काळे आहेत. मी रोज विंचरते ना."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मानेवरचे केस वर उचलले.

"वेणी घालतेयस का गं?" काकूंनी विचारलं.

"हो, आई."

"घट्ट घाल. शाळेत सुटते."

मृणालताईंनी पेन्सिलीएवढी बट धरली, अगदी कातडीलगत कापली, मुळाकडच्या टोकाला लाल दोरा बांधला आणि पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात ती सरळ ठेवून घडी घातली.

"कसली तपासणी आहे?" मी विचारलं.

"आईच्या पोटात काय काय गेलंय ते कळतं यातून."

"केसांतून?"

"हो."

"बरं होईल मग," मी म्हटलं. "कळू दे एकदा."

मी हे मनापासून म्हटलं होतं. काकूंचं डोकं तसंच धरून ठेवलं होतं आणि बट कापून झाल्यावर त्यांच्या मानेवरचे बारीक केसही मीच टॉवेलने झटकले.

कुलथ्यांकडे मी दिवाळीनंतर लागले होते. नाशिकला कॉलेज रोडच्या मागे त्यांचा जुना, तळमजल्याचा फ्लॅट. घरात दोघंच. मधुसूदनकाका कारखान्यात फोरमन होते, आता ऐंशीला टेकलेले. नलिनीकाकूंनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेलं. काकूंना विसरण्याचा आजार झाला आणि एकट्या काकांना जमेना, म्हणून पेशंट सांभाळणाऱ्या बायकांच्या ब्युरोतून मला पाठवलं. सकाळी यायचं, काकूंची अंघोळ, जेवण, फिरवणं करायचं आणि दिवे लागल्यावर निघायचं. रात्री काका असायचे.

मी तोवर बरेच पेशंट पाहिले होते. काकू त्यात सोप्या. सकाळी तर त्या इतक्या पेंगलेल्या असायच्या की दात घासताना ब्रश तोंडात तसाच राहायचा. आजारच तसा, असं मी धरून चालले. दुपारनंतर त्यांना जाग यायची. आणि संध्याकाळ झाली की जीव खालीवर व्हायला लागायचा. "येवल्याला जायचंय, भाऊ वाट बघत असेल," म्हणत त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. भाऊ जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी चप्पल घालायला लागले की काका म्हणायचे, "जा तू. रात्री काही त्रास नसतो. छान झोपते."

श्रावणात एका पहाटे काकू बाथरूमच्या दारात पडल्या आणि खुबा मोडला. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. त्यांत डॉक्टरांना लघवीत झोपेच्या गोळीचा अंश सापडला. काकूंच्या फाइलमध्ये तसली गोळी कुणी लिहून दिलेली नव्हती.

"यांना झोपेची गोळी कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"आम्ही कुठलीच देत नाही," काका म्हणाले.

केस कापले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गेले, तर मृणालताईंनी मला हॉलमध्ये बोलावलं.

"अलकाताई, बसा."

त्या घरात मी सोफ्यावर पहिल्यांदा बसले.

"आईला गोळ्या तुम्ही देत होतात का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मला वाटलं, बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "हो, सकाळची मीच देते."

"झोपेच्या म्हणतेय मी. दिवसभर पेंगते, असं बाबा फोनवर सांगायचे. पेंगलेला पेशंट सांभाळायला सोपा जातो. मला असल्या गोष्टी नवीन नाहीत, अलकाताई. आमच्याकडे येतात असली प्रकरणं."

"ताई, मी कशाला देऊ?"

"तेच मी विचारतेय."

काका आतल्या दारात उभे होते. हातात पेपरची घडी. मी त्यांच्याकडे वळले. "काका, तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही दिवसभर घरात असता. बघितलंय ना तुम्ही मला?"

काकांनी पेपरची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाले, "मृणाल, जाऊ दे. हवं तर काढून टाक तिला. पण पोलीस नकोत."

मला त्या वेळी ते बोलणं मायेचं वाटलं. म्हाताऱ्या माणसाला माझी कीव आली, असं वाटलं.

मृणालताईंनी ऐकलं नाही. त्याच दिवशी मला चौकीत बोलावलं. गांगुर्डे नावाचे हवालदार होते. मला बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी मृणालताई काकांना घेऊन आल्या, तक्रारीवर दोघांच्या सह्या झाल्या. मग गांगुर्ड्यांनी माझी पर्स टेबलावर उलटी केली. कंगवा, डबा, रुमाल, घराची किल्ली आणि डोकेदुखीच्या गोळीचं अर्धं पाकीट. चौकीत आलेले बाकीचे लोक माना वळवून बघत होते.

"ही कसली?"

"डोकं दुखतं म्हणून."

"कुणाचं?" गांगुर्ड्यांनी विचारलं आणि पलीकडच्या टेबलावरचा शिपाई हसला.

मला अटक वगैरे झाली नाही. "गाव सोडू नका" म्हणून सांगितलं आणि सोडलं. पण ब्युरोच्या बोरसे मॅडमना फोन गेला होता. त्यांनी माझं नाव काढून टाकलं. त्यांचाही इलाज नव्हता. असल्या बाईला कुणाच्या घरी पाठवणार?

मी एका खानावळीत पोळ्या लाटायला लागले. सकाळ-संध्याकाळ उभ्याने काम, मान आणि पाठ एक व्हायची. त्या दिवसांत मला रागसुद्धा येत नव्हता. राग यायला अंगात काहीतरी लागतं. माझा नवरा अंबडला कंपनीत, रात्रपाळीला. सकाळी तो यायचा तेव्हा मी निघायची. एकदा दारातच आमची गाठ पडली. बूट काढता काढता त्याने विचारलं, "तू खरंच दिली नव्हतीस ना गं?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. त्याने परत विषय काढला नाही. पण विचारलं होतं.

नवरात्र संपल्यावर एका दुपारी मृणालताई आमच्या श्रमिकनगरच्या खोलीत आल्या. पत्ता त्यांनी बोरसे मॅडमकडून घेतला होता. मी नुकतीच खानावळीतून येऊन आडवी झाले होते. दारात त्यांना बघून मी उठून बसले. आता काय नवीन, असं वाटलं. त्या आत आल्या आणि मी म्हणायच्या आधीच कॉटच्या कडेला बसल्या. चांगल्याच वाळल्या होत्या. पाणी दिलं तर एका दमात प्यायल्या.

"मला तुम्हाला एक चित्र दाखवायचंय," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

काळ्या पडद्यावर आडवी, लांबलचक पट्टी होती. बारीक. काही भाग पिवळा, काही निळा.

"हे काय?"

"आईचा केस आहे. एकच केस, खूप मोठा करून." त्या अगदी हळू, पाठ केल्यासारख्या बोलत होत्या. "माणसाच्या रक्तात औषध असतं, तेव्हा मुळाशी जेवढा केस तयार होत असतो, तेवढ्यात ते अडकून बसतं. मग केस वाढतो. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. तसा तो भाग मुळापासून लांब लांब जात राहतो. आम्ही केस उभा चिरतो आणि मशीन त्याच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. जिथे जे सापडेल, त्याचं चित्र निघतं. पिवळं म्हणजे गोळीचं औषध. निळं म्हणजे काही नाही."

"पोलिसांनी सांगितलं होतं का हे करायला?"

"नाही. पोलिसांना असल्या पुराव्याची गरज नव्हती. मला होती. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. तुम्ही आलात त्या दिवसापासून पिवळं सुरू होताना बघायचं होतं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे मूळ. म्हणजे श्रावण, आई पडली ते दिवस. इकडे सरकलं की मागे मागे जातो आपण. आणि इथे, साधारण इथे, दिवाळी. तुम्ही आलात."

त्यांचं बोट जिथे होतं त्याच्या पलीकडेही पट्टी तशीच पिवळी होती. मी वाकून बघितलं.

"हे पुढचं?"

"पुढचं नाही. आधीचं. तुम्ही यायच्या आधीचा पावसाळा. त्याच्या आधीचा उन्हाळा."

"पिवळंच आहे."

"हो."

"वरून काही लागलं असेल. तेल, शाम्पू?"

मी असं का म्हटलं मला आजही सांगता यायचं नाही. बहुतेक माझा विश्वास बसत नव्हता.

"मीही तेच म्हटलं होतं," मृणालताई म्हणाल्या. "हैदराबादला सांगून दुसरा केस तपासायला लावला, तिसरा लावला. वरून लागलेलं कडेकडेने दिसतं. हे आत आहे, गाभ्यात. रक्तातूनच आलेलं."

"म्हणजे मी नाही."

"तुम्ही नाही."

असं कुणी म्हटलं की आपण रडू, असं मला वाटायचं. खानावळीत पोळ्या लाटताना कितीदा मी हे मनाशी खेळून बघितलं होतं. पण प्रत्यक्षात मला रडू आलं नाही. पाठ दुखत होती, ती तशीच दुखत राहिली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"अजून एक आहे," मृणालताई म्हणाल्या. त्यांनी पट्टी सरकवली. पिवळ्याच्या मधोमध एक निळा तुकडा होता. लहानसा, पण स्वच्छ निळा. "इथे काहीच नाही. सगळ्या केसांत याच जागी नाही. हिशेब केला तर होळीच्या आसपास येतं. तेव्हा घरात काय झालं होतं?"

"होळीला काका दवाखान्यात होते ना," मी म्हटलं. "त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ताप उतरेना म्हणून जास्त दिवस ठेवलं. तुम्हाला यायला जमलं नव्हतं."

"मग आईजवळ कोण होतं?"

"मीच. दिवसाही आणि रात्रीही. मी घरी गेलेच नव्हते."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. मी त्या निळ्या तुकड्याकडे बघत होते आणि मला ते दिवस आठवत होते. काकू डोळ्याला डोळा लावत नव्हत्या. दाराची कडी ओढायच्या. कपाट रिकामं करून सगळे कपडे जमिनीवर टाकायच्या. जवळ गेलं की ओचकारायच्या, तोंडाला येईल ते बोलायच्या. त्या बाईच्या तोंडात तसले शब्द असतील असं दिवसा कुणाला वाटलं नसतं. शेवटी शेवटी मी बाथरूमची कडी लावून आत नळ सोडून रडले होते. काका घरी आले तेव्हा मी त्यांना विचारलंही होतं, "काका, रात्री तुम्ही एकटे कसं निभावता हो?" ते म्हणाले होते, "सवय झालीय."

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला कळलंय ना हे? मला विचारायच्या आधीच."

"हो."

"मग विचारलंत कशाला?"

"मला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी म्हणावं."

मीही ते नाव घेतलं नाही.

मग त्या घाईघाईने बोलायला लागल्या. "मी तक्रार मागे घेते. आजच. रिपोर्ट चुकला म्हणून सांगते. बोरसे मॅडमना फोन करते, तुम्हाला चांगलं लिहून देते."

"रिपोर्ट चुकला म्हणजे मी दिली नाही असं होत नाही, ताई. माझ्याकडे सापडलं नाही, एवढंच होतं."

"मग काय करू मी? वडिलांचं नाव देऊ?"

त्यांचा आवाज फाटला. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण समोर बसलेली बाई माझ्याइतकीच दमलेली होती. गेले काही आठवडे आईला रात्रीची तीच सांभाळत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला काकांना भेटायचंय," मी म्हटलं.

आम्ही गेलो तेव्हा काका जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडत होते. काकूंना आत झोप लागली होती. आम्हा दोघींना एकत्र बघितलं आणि काकांचा हात थांबला. त्यांनी देठं एका बाजूला केली, पानं एका बाजूला केली, आणि म्हणाले, "मृणाल, चहा टाक."

मृणालताई जागच्या हलल्या नाहीत.

"काका," मी म्हटलं, "चौकीत मी बाकावर बसले होते, तेव्हा तुम्ही सही करायला आला होता."

"हो."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

मग काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा ओळखू येईना.

"डॉक्टरांनी त्या गोळ्या मला लिहून दिल्या होत्या," ते म्हणाले. "मला. मी त्यांना म्हटलं होतं, रात्रीची झोप नाही, चालताना तोल जातो. त्यांनी दिल्या. घरी आणल्या आणि लक्षात आलं, मी घेतली तर हिच्याकडे कोण बघणार? दार उघडून रस्त्यावर गेली तर? मग एक दिवस तिच्या दुधात अर्धी टाकली. ती झोपली. मीही झोपलो. इतक्या महिन्यांनी झोपलो, मृणाल. सकाळी उठलो तेव्हा मला वाटलं, माझं काहीतरी बरं झालं."

"बाबा, मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं?"

"मी म्हटलं होतं ना रात्रीची बाई ठेवा. कितीदा म्हटलं होतं!"

"हो. मीच नको म्हटलं." काकांनी मेथीचं एक पान उचललं आणि परत ठेवलं. "रात्री तुझी आई मला ओळखायची नाही. 'कोण तुम्ही, माझ्या खोलीत कसे आलात, माझ्या नवऱ्याला बोलवा' म्हणायची. मग शिव्या. पन्नास वर्षांत तिने कधी आवाज चढवला नव्हता. तिचं ते परक्या माणसाने ऐकू नये, असं वाटायचं मला." ते माझ्याकडे वळले. "तू ऐकलंस होळीला. कुणाजवळ बोलली नाहीस, मला माहीत आहे."

"आणि तरी तुम्ही सही केलीत," मी म्हटलं.

"मला वाटलं, मी कबूल झालो तर मृणाल तिला माझ्यापासून घेऊन जाईल. म्हणेल, या माणसाजवळ ठेवायची नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. मग वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे."

"तुमचे दिवस असे गेले, काका. माझेही गेले." इतके आठवडे जे आलं नव्हतं, ते तेव्हा वर आलं. "माझ्या नवऱ्याने मला विचारलं, दिली होतीस का म्हणून. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याला मला असं विचारावं लागलं. आता मी काय करू ते तुम्ही सांगा. मला समजत नाही."

काका उठले. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले, मग आत गेले. मला वाटलं, काकूंजवळ जाऊन बसले. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. गुंड्या वरखाली लागल्या होत्या. मृणालताईंनी पुढे होऊन त्या सोडल्या आणि नीट लावल्या. तेवढ्यात आत काकू जाग्या झाल्या आणि हाक मारायला लागल्या.

"तू थांब तिच्याजवळ," काका मुलीला म्हणाले. "अलका, चल."

चौकीत गांगुर्डे होते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळ चोळत बसले.

"काका, असं कुठे लिहितात का? घरातली गोष्ट आहे. ताईंना म्हणावं अर्ज मागे घ्या, विषय संपला. या वयात कशाला लफडं?"

"हिचं नाव ज्या कागदावर आहे, तो काढा," काका म्हणाले. "त्याला माझा जबाब जोडा."

"अहो, पण नवऱ्याने बायकोला गोळी दिली याची तक्रार कोण करतंय?"

"मी."

कारखान्यात ते कसे बोलत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. गांगुर्ड्यांनी सुस्कारा सोडला आणि पेन उघडलं. काका सांगत गेले, ते लिहीत गेले. शेवटी काकांनी वाचून दाखवायला सांगितलं. 'सदर गोळ्या माझ्याकडून नजरचुकीने देण्यात आल्या,' असं गांगुर्ड्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. म्हाताऱ्याला वाचवायलाच लिहिलं होतं.

"नजरचुकीने खोडा," काका म्हणाले. "रोज जाणूनबुजून दिल्या. आणि या बाईंवर आळ आला तेव्हा जाणूनबुजून गप्प बसलो, तेही घाला."

गांगुर्ड्यांनी खोडलं, वर लिहिलं, काकांची सही घेतली. सही करताना कागद सरकत होता, तो मी धरला.

"तुमचं काही म्हणणं, बाई?" गांगुर्ड्यांनी मला विचारलं.

माझं काही म्हणणं असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. पण तोंडातून शब्द निघाले. "त्या दिवशी माझी पर्स सगळ्यांसमोर उलटी केली होतीत. आता हेही सगळ्यांसमोर वाचा."

चौकीत तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा तो शिपाई होता आणि मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेलं एक जोडपं होतं. गांगुर्ड्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग उभे राहून त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. त्या जोडप्याला काही अर्थबोध झाला नसणार. पण शिपायाने मान खाली घातली होती.

पुढचं सांगून टाकते. काकांवर काही झालं नाही, कागद कुठेतरी फायलीत गेला. बोरसे मॅडमनी मला परत बोलावलं आणि मी दुसऱ्या घरी लागले. मृणालताईंनी "आमच्याकडेच या" म्हणून फार आग्रह केला, पण मी गेले नाही. काकूंचा खुबा भरून आल्यावर मृणालताई दोघांनाही हैदराबादला घेऊन गेल्या. काकू वर्षभराने गेल्या. दिवाळीला काकांचा फोन यायचा. कधी मी उचलायची, कधी वाजू द्यायची. नवऱ्याला मी कागदाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला माहीतच होतं." मी म्हटलं, "हो." तेवढ्यावर आम्ही ते मिटवलं.

त्या दिवशी चौकीतून निघाल्यावर रिक्षा केली. नुकते दिवे लागत होते. रस्त्यावर गर्दी होती, रिक्षा रखडत चालली होती. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. यांनी अजून माझी माफी मागितलेली नाही. जबाब दिला, सही केली, पण मला तोंडाने काही म्हणाले नाहीत. आता घर येईपर्यंत म्हणतील, असं मी धरून बसले होते. म्हणाले, तर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते चांगलं उत्तर नव्हतं.

सिग्नलच्या पुढे त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, चक्कर आली. वळून बघितलं, तर झोपले होते. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. रिक्षा खड्ड्यातून गेली, मागून हॉर्न वाजले, पण त्यांना जाग आली नाही.

सोसायटीच्या दारात रिक्षा थांबली. मृणालताई पायरीवर उभ्या होत्या. मागे खिडकीतून काकूंचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी सांगत होत्या, माझ्या नवऱ्याला बोलवा. मृणालताई काकांना उठवायला पुढे आल्या. मी हातानेच त्यांना थांबवलं. त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

"उतरायचं ना, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

"थांबा थोडं," मी म्हटलं. "मीटर चालू राहू द्या."

माझा राग गेला नव्हता. खांदा मात्र मी हलवला नाही.